गोठवलेलं शिंगरू

रंगनाथने गोणपाटाच्या तुकड्याने शिंगराची पाठ चोळायला घेतली, तशी चांदणी मान वळवून फुरफुरली.

"चोळू दे गं, तुझंच हाय," तो म्हणाला.

उजाडता उजाडता व्यालेली घोडी अजून घामेजलेली होती. शिंगरू उठलं, कोसळलं, पुन्हा उठलं आणि चारही पाय फाकवून कसंबसं आईच्या कासेला लागलं.

दारात उभ्या केशरबाईने पदर तोंडाला लावला. "काय देखनं हाय वो!" मग नवऱ्याकडे वळून तिने आवाज उतरवला. "सरकारी कागदावर एकच घोडी हाय. ह्ये कुनाच्या लेखी जन्मलंच न्हाई. ह्याला गुपचूप हलवायला घोडेगावावरनं भावाला टेम्पो घेऊन बोलावू?"

भिंगारबाहेरची ही पागा मागच्या हिवाळ्यात गोठवली गेली होती. मालक परदेशात राहणारा व्यापारी. आफ्रिकेतल्या एका लढाईला तो बंदुका पुरवत होता, म्हणून सरकारने त्याची इथली सगळी मालमत्ता गोठवली. पंचनाम्याला आलेल्या नायब तहसीलदार रुपाली मॅडमनी समजावून सांगितलं होतं : चाऱ्याचा खर्च आणि रंगनाथचा पगार मंजुरीने मिळेल, विकणं, देणं, हलवणं मात्र बंद.

"घोडी गोठवायची म्हंजे बर्फात ठेवायची काय?" केशरबाईने विचारलं होतं, आणि मॅडमसुद्धा हसल्या होत्या. त्या बंदुकांनी तिकडं गावंच्या गावं उठली होती, असंही त्या सांगून गेल्या. त्या दिवसापासून रंगनाथने त्या माणसाला मालक म्हणणं सोडलं. चांदणी तेव्हा गाभण होती. पण पोटावरून कळत नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

"असल्या मानसाचं घेतलं तर पाप कसलं?" केशरबाई म्हणाली. "तुमच्या आज्यानं पलटनीची घोडी राखली, बापानं सायबाची. घरात लगाम टांगलाय, घोडं कवाच न्हाई."

रंगनाथच्या हाताखाली वाढलेलं प्रत्येक शिंगरू अंगात भरायच्या आत विकलं गेलं होतं. गाडी वळणाआड जाईपर्यंत तो फाटकात उभा राहायचा. या शिंगराच्या कपाळावर आईसारखाच पांढरा ठिपका होता. त्याने त्यावर अंगठा टेकवला.

"आन् कुनी इचारलं, ह्ये कुनाचं, तर काय सांगू?"

"सांगा, बाजारातनं आनलं."

"चांदनीचं पोर बाजारातलं?" तो असा ताठ झाला की शिंगरू दचकलं. "अगं, जिची कूस तिचं नाव सांगता येत न्हाई, असलं घोडं काय करू? वरातीत नाचवू?"

त्याने मोबाईल काढला.

रुपाली मॅडम दुपारी आल्या. कागद काखेतच राहिले. आधी त्या शिंगरूच बघत राहिल्या.

"काका, तुम्ही कळवलं नसतं तर आम्हाला पत्ताही लागला नसता."

"आईचं नाव आदी लिवा, मॅडम. चांदनी. जन्म भिंगारचा."

त्यांनी तसंच लिहिलं. "आता हेही आईबरोबर गोठवलेल्या मालमत्तेत आलं."

केशरबाई पुढे झाली. "मंग कवा न्येनार तुमी?"

"नेणार कुठे, मावशी? हलवायचंच नाही. विकायचंही नाही. ज्याचं आहे त्यालासुद्धा हात लावता येणार नाही. इथंच राहील, काकांच्या ताब्यात."

"आन् बंदी कवा उठनार?"

"अशा बंद्या वर्षानुवर्षं उठत नाहीत."

केशरबाईने नवऱ्याकडे पाहिलं. तो पागेला लागून असलेल्या खोलीत शिरला होता. खुंटीवरचा आज्याचा लगाम काढून तो ओट्यावर येऊन बसला आणि वाळून कडक झालेल्या कातड्याला तेल चोळू लागला.

"आवं, त्याला लगाम चढवायला अजून दोन वर्सं लागत्याल!"

"लागू दे की," रंगनाथ म्हणाला. "कुठं जातंय आता?"