भिंतीवरची फळी आणि मी घडवंची

मित्रांनो, मी एक जुनी घडवंची आहे. घडवंची म्हणजे चार पायांचं उंच लाकडी स्टूल. माझं सगळं आयुष्य पुण्याच्या गंज पेठेतल्या एकाच घरात गेलं. हल्ली मी गप्पच असते, कारण तोंड उघडलं की भिंतीवरच्या त्या फळीचंच नाव निघतं. मी तिच्यावर जळते. आधीच सांगून टाकलेलं बरं.

मला खालिदमियांनी घडवलं. ते सुतार होते. नवं लग्न झालेलं, घरातला पंखा पुसायला बायकोचा हात पुरेना, म्हणून त्यांनी दुकानातल्या उरलेल्या सागवानातून मला उभं केलं. त्यांची ती बायको म्हणजे मेहनाज. पुढे मुलगा झाला आणि सगळं घर तिला अम्मी म्हणू लागलं. मीही तेच म्हणते.

कितीतरी वर्षं माझ्या डोक्यावर नुसते पाय पडले. बल्ब गेला की घडवंची आणा, माळ्यावरचा डबा हवा की घडवंची आणा. काम झालं की मी दाराआड. खालिदमियां गेले, अम्मीचे केस पिकले, आणि तिचे गुडघे असे आखडले की जमिनीवर बसून कुराण शरीफ वाचणं जमेना.

एके सकाळी तिने मला साबणाने घासलं, उन्हात वाळवलं, वर पांढरं विणलेलं कापड अंथरलं आणि त्यावर ग्रंथ ठेवायची लाकडी रेहाल ठेवली. स्वतः समोर खुर्ची घेऊन बसली. मग घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आजपासून हिच्यावर कोणी पाय ठेवायचा नाही."

"मग बल्ब कशावर चढून बदलायचा?" मुलाने, सिराजने विचारलं.

"बदलू नकोस. अंधारात बस."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सोन्याचे दिवस. पहाटेच्या नमाजानंतर अम्मी माझ्यापाशी यायची. ओळीखालून बोट फिरवत हळू आवाजात वाचायची. तिची कोपरं माझ्या कडेला टेकलेली असायची. ज्या घरात मी पाय झेलले, त्याच घरात आता माझ्याजवळून जाताना माणसं पदर सावरत होती. मला गर्व झाला होता, खोटं कशाला बोलू?

पण माझं सुख सिराजच्या डोळ्यांवर आलं. तो खराडीला संगणकावर काम करतो. सुटीच्या दिवशी मोबाइलवर काहीबाही बघतो आणि मग तेच घरात करायला घेतो. एकदा तो अम्मीला म्हणाला, "अम्मी, आपण सोफ्यावर बसतो आणि कुराण शरीफ आपल्या खांद्याच्याही खाली. हे बरं दिसतं का? घरातली सगळ्यात उंच जागा त्याला हवी. मी फळी करतो."

अदबीचा मुद्दा काढल्यावर अम्मी काय बोलणार? तिने मान हलवली.

सिराजने टिंबर मार्केटातून चांगली जाडजूड सागाची फळी आणली. पॉलिश पेपरने घासून घासून तिला असं गुळगुळीत केलं की त्याची बायको खुशनुमा म्हणाली, "एवढा हात कधी माझ्या पाठीवरून फिरवला असतास, तर डोकेदुखी तरी गेली असती." शेजारच्यांची शिडी आणून त्याने भिंतीत खोल भोकं पाडली. विटांची लाल धूळ माझ्या पांढऱ्या कापडावर बसली, ती कोणी झटकलीही नाही. भोकांत सिमेंटचा मसाला भरून त्याने लोखंडी सळया पक्क्या केल्या. फळीच्या पाठीत तशीच भोकं पाडून ती सळयांवर सरकवायची होती, म्हणजे खाली कसला आधार दिसणार नव्हता.

पहिल्यांदा भोकं जुळली नाहीत. फळी अर्ध्यात अडकली आणि मला उकळ्या फुटल्या. पण सिराज चिकाटीचा, बापावर गेलेला. त्याने पुन्हा मापं घेतली, भोकं कोरली, पाणसळ लावून पातळी बघितली आणि फळी भिंतीत अशी जाऊन बसली, जणू भिंतीतूनच उगवली होती. मग तिला धरून तो लोंबकळला. ती तसूभर हलली नाही.

सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. पाहुणे वाकून खालून बघायचे आणि विचारायचे, "अरे, ही राहिलीय कशावर?" मी खऱ्याखुऱ्या चार पायांवर उभी होते, त्याचं कोणाला काही नव्हतं. कुराण शरीफ वर गेलं, रेहाल वर गेली आणि मी गॅलरीत. माझ्या डोक्यावर तुळशीची नाही, मोगऱ्याची नाही, साध्या कोरफडीची कुंडी आली. कुंडीचं पाणी माझ्या पायाच्या सांध्यात मुरायला लागलं. रोज मी मनात म्हणायचे, पडेल ही सवत एक दिवस.

आता सिराजची चूक ऐका. अदबीच्या भरात त्याने फळी इतकी उंच लावली, की अम्मीचा हातच पुरेना. "मी रोज काढून देत जाईन," तो म्हणाला. काही दिवस दिलंही. मग ऑफिसचं काम वाढलं, त्याला पहाटे जाग येईना. उठवायचं अम्मीच्या जिवावर यायचं. तिचं वाचन थांबलं. पहाटे ती खुर्चीत बसून नुसती वर बघत राहायची. मला तेव्हा फळीचा जास्तच राग आला.

एका पहाटे ती गॅलरीत आली. कुंडी उतरवली, पदराने मला पुसलं आणि ओढत फळीखाली नेलं. मला वाटलं, आले माझे दिवस. पण तिने चप्पल काढली. माझ्यावर पाय ठेवायचा म्हणून तिचा जीव खालीवर होत होता. "माफ कर गं," ती पुटपुटली आणि खुर्चीवरून कशीबशी माझ्यावर चढली.

माझा एक पाय आतून कुजला होता. मला ठाऊक होतं, तिला नव्हतं. मी करकरले, तेवढंच माझ्या हातात होतं. ती हात वर करते न करते तोच माझा पाय निखळला.

अम्मीने दोन्ही हातांनी फळी धरली. त्या क्षणी, मित्रांनो, ज्या फळीच्या पडण्याची मी रोज वाट बघत होते, तिलाच मी विनवलं, पडू नकोस. आणि ती पडली नाही. तिने अम्मीला धरून ठेवलं. तोल सावरून अम्मी माझ्या आडव्या पडलेल्या अंगावर पाय टेकत हळूच जमिनीवर उतरली.

सिराज आणि खुशनुमा धावत आले. अम्मी भिंतीला टेकून उभी होती, रंग उडालेला.

"कशाला चढलीस हिच्यावर? ही घडवंची आजच भंगारात देतो," सिराज म्हणाला.

"आणि फळी?" अम्मीने विचारलं.

"फळीने काय केलं?"

"माझा हात तरी पुरतो का तिच्यापर्यंत? अदब उंचीवर असते, असं कोणी सांगितलं तुला? वाचायचं पुस्तक हाताला लागलं पाहिजे." मग माझ्या निखळलेल्या पायाकडे बोट दाखवून म्हणाली, "हे तुझ्या अब्बांचं काम आहे. फळी करता येते ना तुला? मग पायही कर."

त्या सुटीत सिराजने फळी उतरवून अम्मीच्या खांद्याएवढ्या उंचीवर पुन्हा लावली. मग मला आडवं पाडलं, कुजका भाग कापून काढला आणि फळीतून उरलेला सागाचा तुकडा माझ्या सांध्यात ठोकून बसवला.

तर मित्रांनो, आज मी पुन्हा अम्मीसमोर उभी आहे, पांढऱ्या कापडासकट. वाचून झालं की कुराण शरीफ फळीवर जातं आणि त्या वेळी मला अजूनही जळायला होतं. मागणं एवढंच आहे. नव्या वस्तूचं कौतुक खुशाल करा, पण घरातल्या जुन्या वस्तूचे पायही अधूनमधून हलवून बघत जा. आमचं काय, आम्ही मोडलो तर मोडलो. आमच्यावर विश्वासाने चढतं, ते तुमचं माणूस असतं.