बिनरंगाचे चार ड्रम

"चार ड्रम तसेच राहू दे, कडूबा. रंग टाकू नको त्यायच्यात."

चहात साखर नको म्हणावं इतक्या सहज रंगराव बोलले. कडूबाच्या हातातला रंगाचा मग हातातच राहिला.

नांदुऱ्याकडच्या त्या कारखान्यात जनावरांच्या हाडांपासून जिलेटिन निघतं. कॅप्सूलची टरफलं होतात ती त्याचीच. हाडं उकळताना वर तरंगणारी चरबी ड्रमांत भरून साबणवाल्यांकडे जाते. ती चुकूनही कुणाच्या कढईत जाऊ नये म्हणून प्रत्येक ड्रममध्ये मगभर हिरवा रंग ढवळायचा, हे कडूबाचं काम. पंधरा वर्षांत चरबीचा वास नाकात मुरला होता, बोटं कायमची हिरवी झाली होती. गावात पारावरची माणसं विचारायची, "कडूबा, मेंदी कोनं काढून देल्ली?"

"साबनाले रंग काऊन नको, दादा?"

"पांढरा साबन काढते तो साबनवाला."

"मंग हापिसातून कागद आना. लगेच सोडतो."

रंगराव हसले. चरबी नेणारा ट्रक त्यांचा, आणि गावच्या मारुतीच्या भंडाऱ्याचे पुढारीही तेच. त्यांनी कडूबाच्या खांद्यावर हात ठेवला.

"यंदा पंगतीत तुपाची किटली तुह्या हाती देतो. तू वाढजो."

हाताला हाडांचा वास येतो म्हणून कडूबाला कधी कुणी वाढायला बोलावलं नव्हतं. साधं पाणीसुद्धा नाही. दरवर्षी तो लिंबू चोळून, राखेने हात घासून जायचा आणि "तू बस, कडूबा" ऐकून बसायचा. कितीही गोड बोललं तरी अपमान तो अपमानच.

तो मगाकडे बघत राहिला. मग एकेक करत चारही ड्रम त्याने हिरवे केले.

"चार ड्रमांनं काय आभाळ फाटलं असतं?" घरी कोकिळा भडकली. नवऱ्याला एकदा तरी किटली घेऊन पंगतीतून फिरताना तिला बघायचं होतं.

"लोकायच्या पोटात गेलं असतं व."

"तुमाले काय ठाऊक?"

"नाही ठाऊक. म्हनून तं रंग टाकला."

दोन दिवस ती त्याचं ताट आदळूनच वाढत होती.

भंडाऱ्याला गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी होती. किटली रंगरावांच्याच हातात. तूप सोडताना त्यांचा हात कुठे आखडला नाही, पण कडूबाच्या पानापाशी पायही थांबला नाही. कडूबाने मान खाली घातली आणि कोरडाच रोडगा चुरायला घेतला.

समोरच्या बायकांच्या पंगतीतून कोकिळेने ते पाहिलं. भरल्या पंगतीतून उठू नये म्हणतात. ती उठली. आपल्या पानावरचा तुपात भिजलेला रोडगा तसाच उचलून आली आणि त्यातला अर्धा तिने नवऱ्याच्या पानात ठेवला.

"हुंगून पाहा," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "तुमी सांगसान तं मी खाईन."

शेजारच्या दोन-तीन पानांवरचे हात थांबले. किटली घेऊन रंगरावही जागीच उभे राहिले.

कडूबाने तुकडा नाकाशी नेला. सावकाश हुंगला.

"चोख हाय. खा."

थांबलेले हात पुन्हा चालू झाले. कोकिळा मात्र आपल्या पानाकडे परत गेली नाही. तिथेच, त्याच्या शेजारी, मांडी घालून जेवायला बसली.