बर्फातली भोकं आणि हॉटडिश

आर्डिस टॉलेफसनचा कॉम्प्युटर आठवडाभर कॉफी दळल्यासारखा आवाज करत होता. गावातल्या दुरुस्तीवाल्याने कान लावून ऐकलं, दफनाला काढतात तशी डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "आत जे काही आहे ते आजच बाहेर काढा." त्याने टोपी काढल्यावर आर्डिसला वेगळं काही सांगायची गरज उरली नाही.

आत होतं चर्चचं पाककृतींचं पुस्तक. गावातल्या बायकांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली कार्डं तिने डागांसकट स्कॅन केली होती. मूळ कार्डं घरोघर परत गेली. म्हाताऱ्या एल्व्हिराचं तर तिच्याबरोबर शवपेटीत गेलं. आता सगळी एकत्र होती ती फक्त या घरघरणाऱ्या खोक्यात.

तिने घरातली एकमेव सुटी डिस्क जोडली. 'जागा अपुरी,' कॉम्प्युटरने कळवलं. मोठी डिस्क शहरातून आणावी तर कालच्या हिमवादळाने हायवे बंद.

डिस्कवरची जागा कोणी अडवली होती हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. तिचा नवरा व्हर्लिन हिवाळाभर गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून गळ टाकून बसायचा आणि भोकाचा व्हिडिओ काढायचा. भोक, भोकात पाणी, पाण्यात दोरी. तासन्‌तास. मासा यायचा तो कॅमेरा बंद केल्यावर.

"व्हर्लिन, तुझे व्हिडिओ काढून टाकू का थोडे?"

"टाक की. तुला योग्य वाटेल तसं."

इकडे मिनेसोटात याचा अर्थ 'हात तर लावून बघ' असा होतो. आर्डिसने व्हिडिओंचा नाद सोडला आणि बाह्या सरसावून कार्डांकडे वळली. निम्म्या कार्डांवर ओव्हनमध्ये भाजायची एकच हॉटडिश होती: खिमा, डब्यातलं मशरूम सूप, वरून बटाट्याचे गोळे. एका हॉटडिशला इतक्या आया कशाला? तिने एक कार्ड ठेवलं, बाकीची कॉम्प्युटरच्या कचरापेटीत. ठेवायचं कुठलं, तर ज्याचं अक्षर सुवाच्य ते. ते नेमकं तिचंच निघालं, त्याला ती तरी काय करणार!

तेवढ्यात शेजारची बर्नेल बर्फ तुडवत आली. दोनदा कॉफी नको म्हणाली, तिसऱ्यांदा घेतली आणि पडद्याकडे बघत बसली.

"माझं कार्ड दिसत नाही. नसू दे हो, मी आपलं सहज म्हटलं."

"अगं, तुझी नि माझी कृती एकच आहे! चमचाभराचा फरक नाही."

"कसा असेल? तुझ्या सासूनेच शिकवली सगळ्या गावाला." बर्नेलने कप खाली ठेवला. "दफनानंतरच्या जेवणाला टेबलावर सात हॉटडिश असतात. त्यातल्या सहा तू उचलून बाहेर ठेवतेस का? भांड्याखाली पट्टी चिकटवून प्रत्येक बाई नाव कशाला लिहिते मग?"

कचरापेटी उघडून आर्डिसने एकेक कार्ड परत आणलं, एल्व्हिराचं सगळ्यांत आधी. कॉम्प्युटरची घरघर आता वाढली होती.

"व्हर्लिन, भोकं जाणार."

"तुला योग्य वाटेल—"

"मला योग्य वाटतंय."

एवढं उघड बोलणं या घरात लग्नापासून झालं नव्हतं. बर्नेल बिचारी खिडकीबाहेर बघू लागली. व्हर्लिन उठला आणि खुर्ची ओढून आर्डिसशेजारी बसला.

"सरक. मी काढतो. कुठलं भोक कुठलं, तुला कळायचं नाही."

पहिला व्हिडिओ त्याने चालू केला. तिघंही पाण्याकडे बघत राहिली.

"दोरी हलली का रे?" बर्नेल कुजबुजली.

"वारा होता," तो म्हणाला आणि बटण दाबलं. मग एकही न बघता तो सगळे काढत गेला. शेवटच्यावर त्याचं बोट जरा थांबलं. आर्डिसने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पण 'राहू दे' म्हणाली नाही. तोही गेला.

या वेळी सगळं मावलं. कॉपी पूर्ण झाल्यावर आर्डिसने दोनचार कार्डं डिस्कवरून उघडून खात्री केली आणि डिस्क बर्नेलच्या हातात ठेवली.

"तुझ्या घरी ठेव. सगळं एकाच छपराखाली नको."

बर्नेलने ती कोटाच्या आतल्या खिशात घातली आणि वरपर्यंत बटणं लावली. दाराशी व्हर्लिन बूट चढवत होता. हातात बर्फाला भोक पाडायचं गिरमिट, गळ्यात कॅमेरा.

"तो कशाला?" आर्डिसने विचारलं.

"आता जागा झालीय ना," म्हणत तो तळ्याकडे निघाला.