पाठीवरची थाप

मित्रांनो, माझं पोट रिकामं आहे, म्हणून तर मला बोलता येतं! मी एक जुनी ढोलकी आहे. चंद्रपूरकडच्या मूल शहराजवळ, तळ्याकाठच्या एका गावात, लटारूभाऊंच्या घरी, खुंटीवर टांगलेली असते. दुपारी डोळा लागला की ज्याच्या लाकडातून मी घडले, ते शिवणीचं झाड मला अजून दिसतं. त्याच्या पिवळ्या फुलांवर मधमाश्या गुणगुणत असतात. मग जाग येते, आणि ती गुणगुण लटारूभाऊंच्या बायकोची, रुखमाबाईंची निघते. तांदूळ निवडता निवडता त्या गात असतात.

या घरात बोलणं कमी अन् गाणं जास्त. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतला नाच-गाण्यांचा खेळ. त्यात लटारूभाऊ मला वाजवायचे, रुखमाबाई घरी गाणी रचायच्या, मुलगी रंजीता टाळ धरायची. आणि धाकटा हेमराज! त्याची बोटं दिसेल त्यावर वाजायची, रांजणावर, पाटीवर, रंजीताच्या डोक्यावरसुद्धा. मला ओल धरली की सगळ्यांआधी त्यालाच कळायचं. "बाबा, ढोलकी बद्द बोलून राह्यली," म्हणत तो मला चुलीपाशी शेकायला न्यायचा. काय माया होती त्या हातांत!

हाच पोरगा नागपूरला डॉक्टरकी शिकायला गेला. पहिल्याच सुटीत धावत घरात शिरला. "बाबा, आमच्या कालेजात बी ढोलकीच शिकवते!" डावा हात त्याने वडिलांच्या छातीवर ठेवला आणि त्या हाताच्या मधल्या बोटावर दुसऱ्या हाताचं बोट वाजवून दाखवलं. आत हवा असली की आवाज पोकळ येतो, पाणी असलं की बद्द. लटारूभाऊ इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी तर खुंटीवर फुलून गेले. डॉक्टरसाहेबांची पहिली गुरू मी, दुसरं कोण!

पुढे हेमराज डॉक्टर होऊन आयर्लंडला नोकरीला गेला. खोटं कशाला बोलू, मला फार राग आला. पाच वर्षं तो फोनच्या काचेतच राहिला. "इथी कोणी ठोकून पाहत नाई, बाबा. मशीनच सगळं दाखवते," असं सांगताना त्याचा आवाज बारीक व्हायचा.

मागच्या दिवाळीत लटारूभाऊंना दम लागू लागला. मला खुंटीवरून काढायचे आणि धापा टाकत खाटेवर बसायचे. चार दिवसांवर मंडई आली होती, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, आणि मंडईत दंडार ठरलेली. "थंडीचा खोकला हाय. मंडई झाली की पाहू," एवढंच म्हणायचे. रुखमाबाईंनी हात जोडले, रंजीता रडली. ऐकतील तर ते लटारूभाऊ कसले!

शेवटी एका दुपारी रंजीताने फोन लावला. वडिलांचा श्वास पाहून हेमराजचा चेहराच उतरला.

"आत्ताच्या आत्ता चंद्रपूरला न्या."

"इतक्या दुरून तुले का समजते?" लटारूभाऊ उसळले. "मी कुठी जात नाई!"

हेमराज म्हणाला, "रंजीता, बाबाच्या पाठीवर डावा हात ठेव. मधल्या बोटावर ठोक. वरून खाली ये."

तिने ठोकलं. खांद्याखाली आवाज पोकळ आला. आणखी खालीही पोकळच.

"फोनमंधी आवाज फाटून राह्यला," तिकडून हेमराज कळवळला. "मले काहीच आयकू येत नाई!"

रंजीताचं बोट डाव्या बरगड्यांपाशी उतरलं आणि माझं कातडं शहारलं. बद्द! रुखमाबाईंनी तोंडाला पदर लावला. लटारूभाऊंनी हात वर केला.

"थांब. पुन्हा ठोक."

पुन्हा तेच. सारा जन्म मला मांडीवर घेऊन बसलेला माणूस तो. पोराशी भांडला असता, बायकोशी भांडला असता, पण स्वतःच्या कानाशी कसा भांडेल?

"पाणी हाय," ते हळूच म्हणाले. "गाडी बोलाव, पोरी."

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी त्यांच्या पाठीत सुई घालून फुफ्फुसाभोवती साचलेलं दीड लिटर पाणी काढलं. मंडईपर्यंत थांबला असता तर कठीण होतं, असं ते म्हणाले. मंडईत मला शेजारच्या इस्तारीने वाजवलं. बिचाऱ्याने जीव तोडून वाजवलं, पण माझं मन दवाखान्यात होतं.

पंधरा दिवसांनी हेमराज आला. बॅग दारातच टाकून तो वडिलांच्या मागे खाटेवर बसला. त्याने यंत्र काढलं नाही, ठोकूनही पाहिलं नाही. सरळ त्यांच्या पाठीला कान लावला आणि तसाच बसून राहिला.

"काऊन रे, अजून पाणी हाय का?" लटारूभाऊ घाबरले.

"नाई, बाबा."

"मंग इतका वेळ काय आयकून राह्यला?"

"तुमाले," तो म्हणाला.

माझा राग कुठल्या कुठे पळाला. मित्रांनो, मी नुसतं लाकूड आणि कातडं. पाच वर्षं कोणी हात लावला नाही, तरी खुंटीवर स्वप्नं पाहत राहीन. माणसांचं तसं नाही हो. त्यांना वेळेवर हात लावा.