जड होणारा कलश

"वाढलं! वाढलं! वजन वाढलं!"

हंबीरराव ओरडले आणि दिवाणखान्यातली सगळी गर्दी काट्यावर झुकली. काटा साधाच, स्वयंपाकघरातला. त्यावर स्टीलचा छोटा कलश, तोंडाला लाल कापड करकचून बांधलेलं. मागच्या शुक्रवारी अगदी हलका असलेला हा कलश आज चांगलाच जड भरला होता. गाठ जशीच्या तशी होती. बायकांनी हात जोडले, पुरुषांनी मोबाइल उंच धरले.

काट्यामागे भगव्या रेशमात अर्थानंदस्वामी बसले होते. "आली हो आली, लक्ष्मी आली! पावलं दिसली नाहीत, पण भार कळला की नाही? ती समुद्राची लेक. बंद खोलीत, एसीत तिचा जीव गुदमरतो. कलश पूर्वेच्या बाल्कनीत, सागराच्या वाऱ्यावर ठेवायचा. आत क्षीरसागरातले दाणे आहेत. आणि डोकावायचं नाही! डोकावलंत की ती निघालीच!"

चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरच्या नवव्या मजल्यावर लक्ष्मी लिफ्टने येते की जिन्याने, हा प्रश्न चारुलताबाईंच्या अगदी ओठांवर आला होता. आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईंना प्रश्न गिळायची सवय नव्हती. पण शेजारी बसलेल्या नवऱ्याने, शरदचंद्ररावांनी, त्यांचा हात दाबला.

या सगळ्याचं मूळ होतं ते घर, ज्यात ही गर्दी जमली होती. घर संकेत आणि शर्मिष्ठाचं. संकेतची नोकरी इमारतीतल्या इतर मराठी पोरांसारखीच, कॉम्प्युटर कंपनीतली. तरी गेल्या उन्हाळ्यात इथे ट्रकच्या ट्रक येऊन थांबले. इटालियन संगमरवर आला, छतात लपलेले दिवे आले, न्हाणीघरात टब आला. तेव्हापासून इमारतीची झोप उडाली. यांना परवडतं कसं? कुणी म्हणे लॉटरी, कुणी म्हणे सासऱ्याची जमीन. गणपतीत तर आरतीनंतर प्रसादापेक्षा याच विषयाला मागणी जास्त. फक्त संकेत-शर्मिष्ठाला कुणी विचारलं नव्हतं. तोंडावर कसं विचारायचं, बरं दिसतं का! पाठीमागे वर्षभर बोललेलं मात्र सगळ्यांना बरं दिसत होतं.

मग कुणाला तरी शर्मिष्ठाच्या बाल्कनीत स्वामींचा कलश दिसला, सगळ्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडला आणि घरोघरी तसेच कलश आले. स्वामींनीही तो उजेड विझू दिला नाही. "हा संगमरवर कुणाच्या कृपेचा?" असं ते दर शुक्रवारी विचारत आणि शर्मिष्ठा खाली मान घालून गोड हसे.

आता पुढच्या शुक्रवारी प्रत्येक घराने आपापलं सोनं महाकलशात घालायचं होतं. तो कलश चेन्नईजवळच्या कोवलमच्या आश्रमात समुद्राकाठी राहणार आणि सोनं वाढून परत येणार, असा स्वामींचा शब्द होता.

"तुझी पुतळ्यांची माळ देऊ या," घरी येताच शरदचंद्रराव म्हणाले.

ती माळ चारुलताबाईंच्या आईची होती. आईची दुसरी एकही वस्तू त्यांच्याकडे नव्हती.

"अहो, तुम्ही? कारखान्यात जन्मभर मालाची तपासणी केलीत तुम्ही!"

"म्हणूनच सांगतो. माणूस खोटं बोलेल, काटा बोलणार नाही. आपलाच काटा नेला होता ना? आपल्या कलशाचंही वजन मी घरी केलंय. वाढतंय!" मग त्यांचा आवाज उतरला. "चारू, बदल्यांच्या नोकरीत तुला कधी धड घर दिलं नाही मी. एकदा तरी असं काहीतरी द्यावं वाटतं गं."

यावर रागवायचं तरी कसं? बाईंना नवऱ्याची माया आली आणि स्वामींचा संताप आला. रात्री त्यांनी बाल्कनीतला कलश उचलून तांदळाच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला.

दोन दिवसांनी शरदचंद्ररावांना तो सापडला. "लक्ष्मीला डब्यात कोंडलंस?"

"कोंडलं. वजन करा बघू."

वजन तसूभरही वाढलं नव्हतं. बाई जिंकल्यासारख्या हसल्या. शरदचंद्ररावांनी मात्र कपाळाला हात लावला. "बघ! स्वामी म्हणालेच होते, बंद जागेत ती येत नाही!"

आंधळ्या श्रद्धेचं हे असं असतं. पुरावा विरुद्ध गेला तरी ती त्यालाच घरजावई करून घेते. बाईंनी पदर खोचला आणि पिशवी घेऊन बाजार गाठला.

शुक्रवारी संकेतच्या घरी पाऊल ठेवायला जागा नव्हती. महाकलश फुलांनी सजला होता. सोनं घेण्याआधी स्वामी घरोघरचे कलश काट्यावर ठेवत होते आणि प्रत्येक वाढीला घंटा वाजत होती. चारुलताबाईंचा कलश सगळ्यांपेक्षा जड निघाला.

"वा!" स्वामी डोळे मिटून डोलले. "शंका घेणाऱ्या बाईंवर सर्वांत जास्त कृपा! माझ्या मंत्रातलं एकेक अक्षर या दाण्यांत उतरलं आहे. ऐका, लक्ष्मी आत श्वास घेतेय!"

"नक्की ना, स्वामी? तुमच्याच मंत्राने?"

"दुसऱ्या कुणाच्या?"

बाईंनी पर्समधून काचेची बरणी काढून समोर धरली. "मग हे तुमचे मंत्राचे दाणे. आठवडाभर घट्ट झाकणात होते, वजन तसूभरही वाढलेलं नाही. काट्यावरच्या कलशात मी दुकानातून आणलेले दाणे भरलेत. कपाटात ओल धरू नये म्हणून आपण पुडी टांगतो ना, तिच्यातले. त्यांना मंत्रबिंत्र कुणी ऐकवलेला नाही."

घंटा वाजवणारा हात हवेतच राहिला.

बाईंनी ताट पुढे ओढलं, गाठ सोडली आणि कलश उपडा केला. बदाबदा पाणी पडलं. मग हंबीररावांनी न राहवून स्वतःचा कलश सोडला. त्यातूनही पाणीच आलं.

"याला कॅल्शियम क्लोराइड म्हणतात," बाई वर्गात बोलाव्यात तशा बोलू लागल्या. "हवेतली ओल पिणारा क्षार. चेन्नईच्या हवेत साधं मीठसुद्धा पाझरतं, हा तर कापडातून घटाघटा ओल पितो. म्हणून बाल्कनी हवी, म्हणून एसी नको. एसीच्या कोरड्या हवेत याचं पोट भरत नाही. अहो," त्या नवऱ्याकडे वळल्या, "काटा खरंच बोलला. वजन वाढलं एवढंच त्याने सांगितलं. लक्ष्मी आली, हे स्वामींनी सांगितलं."

स्वामी उठून उभे राहिले. "विज्ञानाचा अहंकार! मग हे वैभव कुठून आलं? सांग शर्मिष्ठा, कुणाच्या कृपेने आलं?"

सगळे तिच्याकडे वळले. तिने एकदा शरदचंद्ररावांच्या हातातल्या माळेच्या डबीकडे पाहिलं.

"काकू, हे घर आमचं नाही," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "भाड्याचं आहे. मालकीणबाई, रंजनी मॅडम, सिंगापूरला असतात. निवृत्त होऊन इथे राहायला येणार, म्हणून त्यांनी सगळं करून घेतलं. आम्ही कामावर देखरेख केली म्हणून भाडं कमी. कलश मी नंतर घेतला. कुणी विचारलंच नाही मला. आणि सगळे इतक्या मानाने बोलायला लागले, की मलाही ते बरं वाटायला लागलं. चुकलं माझं."

स्वामी लिफ्टकडे सटकत होते, पण हंबीरराव दारात आडवे उभे राहिले आणि संकेतने पोलिसांना फोन लावला.

शरदचंद्ररावांनी डबी उघडली. त्यांनी माळ बायकोच्या गळ्यात घातली, भर गर्दीत, जन्मात पहिल्यांदाच. "आज तुझ्या आईला घराबाहेर काढणार होतो मी," ते म्हणाले.

बाईंनी गळ्यातली माळ सारखी केली. त्यांना अजून बोलायचं होतं.

"मंडळी, शेजाऱ्याचं घर चकचकीत दिसलं की पोटात दुखतं, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. माझ्याही दुखलं. पण त्या दुखण्यावर बुवाचं औषध घ्यायचं नाही. 'कसं केलंत हो?' एवढं आपण विचारलं असतं, तर हा माणूस या दारातून आतच आला नसता. प्रश्न विचारायला कुणाची कृपा लागत नाही. देवापुढे हात जोडा, पण बुवापुढे आधी तोंड उघडा."

मग हंबीररावांनी चाचरत घसा साफ केला.

"शर्मिष्ठा, राग मानू नकोस हं. भाडं किती देता?"