मी तिरकीच बरी

मी मोटार बोलतेय. रस्त्यावर धूर सोडत धावते ती नव्हे, विजेवर फिरणारी, मुठीत मावणारी. मला खेळणं म्हणालात तर राग येईल, कारण मी विमान उडवते. ते जेमतेम दोन हात लांबीचं आहे आणि जमिनीवरून रिमोटने चालवतात हे खरं, पण उडतं ते खरोखरचं.

मला घरी आणलं एका टपालवालीने. आठवडाभर पत्रं वाटून तिचे पाय भरून यायचे, तरी रविवारी ती हलक्या लाकडाच्या पट्ट्या चिकटवत बसायची. चार महिने जेवणाच्या टेबलावर विमान होतं आणि बापलेक ताटं मांडीवर घेऊन जेवत होते.

विमानाच्या नाकाशी प्लायवूडची एक फळी असते. तिच्यावर चार स्क्रूंनी मला बसवायचं. मी पंखा फिरवू लागले की विमान डावीकडे ओढलं जातं, म्हणून माझं तोंड आधीच थोडं उजवीकडे ठेवतात. विमान बांधायच्या नकाशात तसं लिहिलं होतं आणि तिने फळी तशीच, दोन अंश तिरकी चिकटवली होती.

पण तिचे वडील पडले सुतार. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी भिंतीवरची वाकडी तसबीर सरळ केल्याशिवाय पाण्याचा पेला उचलत नाहीत. मुलगी कामावर गेली असताना त्यांनी फळीला काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिला. "पोरीने घाई केली," ते स्वतःशीच म्हणाले. कानशीने घासून फळी काटकोनात आणली आणि मला तिच्यावर घट्ट आवळलं. मी काय सांगणार? मला तोंड आहे, वाचा नाही.

संध्याकाळी मी बसवलेली पाहून मुलगी खूश झाली. दोन अंशांचा फरक नुसत्या नजरेला कळत नाही. तिने माझ्या तीन तारा जोडल्या तर मी उलटी फिरले. दोन तारांची अदलाबदल केल्यावर सुलट झाले, पण तेवढ्यावरून माझं नाव खराब झालं.

रविवारी मैदानावर विमान उडालं, डावीकडे वळलं आणि वळतच राहिलं. तिने खूप सावरलं, तरी ते कुंपणात घुसलं आणि एक पंख मोडला. शेजारी विमान उडवणारा चष्मेवाला म्हणाला, "मोटार बाद आहे. टाकून दे."

"पहिल्या दिवसापासूनच उलट्या डोक्याची आहे ही," ती म्हणाली. घरी आल्यावर तिने मला काढलं आणि वाकड्या खिळ्यांच्या डब्यात टाकलं. तिचे डोळे भरले होते. मला तिचा राग आला नाही, वाईट मात्र फार वाटलं.

पंख जोडायला म्हणून वडिलांनी नकाशा उलगडला. चष्मा लावून ते एक ओळ वाचत राहिले, मग त्यांनी मुलीला हाक मारली.

"मोटार चांगली आहे गं. वाटोळं मी केलं. फळी तिरकी होती, ती मी सरळ केली."

तिने नकाशा स्वतःकडे ओढला. "मला एकदा विचारायचं तरी, बाबा."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

तिला हसू आवरेना. मग तेही हसले, पण खाली बघून.

त्यांनी मला डब्यातून काढलं, जुन्या ब्रशने माती झाडली आणि डावीकडच्या दोन स्क्रूंवर माझ्याखाली एकेक पातळ वॉशर सरकवला, तसं माझं तोंड पुन्हा उजवीकडे झालं. उभ्या आयुष्यात त्यांनी मुद्दाम वाकडं केलेलं ते पहिलंच काम असावं. पुढच्या रविवारी विमान सरळ गेलं आणि मुलगी उन्हात डोळे बारीक करून त्याच्याकडे बघत राहिली.

आता माझी बेअरिंग कुरकुरतात, थोडं उडूनच मी तापते. एक दिवस नवी मोटार येईल, तिने सुखाने यावं. मी भरून पावले. तिचे वडील गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं आणि मी खिळ्यांबरोबर गंजून गेले असते. त्यांचे उपकार मी कसे फेडू?

नव्या मोटारीला एवढंच सांगणं आहे, तुझ्यामागच्या फळीवर सुतारी पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या आहेत, त्या पुसू देऊ नकोस. अक्षर त्यांचंच आहे: "मुद्दाम तिरकं आहे. मी आलो तरी हात लावू देऊ नये."