भाऊकीतला लिन

लग्न होऊन बारडोलीला गेले त्या वर्षीपासून मला माहेरचा रोट बंद झाला. नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्हा खानदेशी घरांत कानबाई देवी बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू काढायचे, त्याचं दळण करायचं आणि त्याचे रोट भाजायचे. ते खायचे फक्त भाऊकीने. लेक सासरी गेली की तिची भाऊकी बदलली, असं आमच्याकडे मानतात. माय मला खीर वाढते, गंगाफळाची भाजी वाढते, पण रोटाची परात माझ्यासमोरून उचलून आत नेते. सुरतेतल्या उधन्याच्या त्या घरात मी जन्मले, वाढले, भांडले, पण रोट मला नाही. आणि चीनहून आलेल्या लिनच्या नावाने मात्र माय अजून दर श्रावणात सव्वा मूठ गहू काढते. मला राग येऊ नये तर काय यावं?

मी तेव्हा बारावीत होते. साड्यांवर टिकल्या भरणारी मोठी कॉम्प्युटरवाली मशिनं त्या दिवसांत चीनहून सुरतेत उतरायला लागली होती. माझे वडील बन्सीलाल एका कारखान्यात जुनी मशिनं सांभाळायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. नव्या मशिनांबरोबर ती बसवून द्यायला एक पोरगा आला, तो लिन. अंगाने काडीसारखा, केस उभे, हसला की डोळे गायब. कारखान्याच्या माळ्यावर खाट टाकून दिली होती, तिथेच झोपायचा. शेठ मनाने चांगला. चिनी माणसाला तिखट झेपायचं नाही म्हणून त्याने त्याच्यासाठी रोज साखर घातलेली डाळ आणि पांढरा भात सुरू केला. पोरगा वाळत चालला. बाबांना बघवेना. एका दुपारी ते त्याला सायकलच्या दांडीवर बसवून घरी घेऊन आले.

मायने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला आणि पाण्याचा तांब्या तयार ठेवला. त्या ठेच्याने आमच्या नात्यातल्या भल्याभल्यांचे कान लाल केले होते. लिनने बोटभर चाटला, थांबला, आणि पुन्हा चाटला. मग भाकरीवर थापून खायला लागला. खाता खाता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माय घाबरून तांब्या पुढे करतेय आणि हा मान हलवतोय, अजून द्या म्हणतोय. मागाहून कळलं की त्याचं गाव चांग्शा शहराच्या बाजूचं, तिकडे मिरचीशिवाय घास उतरत नाही. तो रडत होता तो घरची आठवण येऊन. इतक्या लांबच्या माणसाची आणि आमची चव एकच निघावी याची मला अजून मौज वाटते.

मग तो रोजच यायला लागला. बाबांकडून मोडकंतोडकं हिंदी शिकला, मायकडून अहिराणी. लखन, माझा धाकटा भाऊ, तेव्हा शाळेत होता. त्याला लिनने स्क्रू ड्रायव्हर धरायला शिकवलं, वायर सोलायला शिकवलं. लखन पुढे इलेक्ट्रिशियन झाला तो लिनमुळेच, आयटीआय नंतरची. संध्याकाळी बाबा, लिन आणि लखन ओट्यावर बसून जुना पंखा खोलायचे आणि माय ओरडायची की आधी जेवा, मग त्याची आतडी काढा. त्या ओट्यावरचं ते हसणं आठवलं की आजही मला तिथेच जाऊन बसावंसं वाटतं.

त्याच श्रावणात घोटाळा झाला. कानबाईच्या दिवशी सगळी पाहुण्यांच्या गडबडीत. लिन मागल्या दाराने थेट चुलीपाशी गेला, झाकण काढलं आणि रोट खिरीत कुस्करून खायला बसला. माय आत आली तोवर अर्धा संपलेला. ती कपाळाला हात लावून उभीच राहिली. परक्याने रोट खाल्ला तर काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण असं कधी झालंच नव्हतं. शेवटी बाबांची मोठी चुलती, धुरपदाबाई, पुढे आली. तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. तिने लिनला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"खादा ना त्यानी? मंग आते तो आपला शे," ती म्हणाली. "पुढला साले त्याना नावना गहू काढजो."

झालं. लिन आमच्या भाऊकीत आला. काम संपवून तो परत गेला, दोन-चार वर्षांनी मशिनांच्या दुरुस्तीला येत राहिला, आला की मायसाठी तिकडची सुकी मिरची आणायचा. मग कोरोना आला, सरहद्दीवर मारामारी झाली, व्हिसा बंद झाले, त्याच्याशी बोलायचं ॲपही बंद पडलं. बाबा दुसऱ्या लाटेत गेले. त्याला कळवायचं कसं हे कुणालाच सुचलं नाही. माय गहू काढत राहिली.

यंदा उन्हाळ्यात लखनच्या फोनवर लिन परत उगवला. लखन आता हजीऱ्याला बंदरात क्रेनवर इलेक्ट्रिशियन आहे. नोकरीच्या एका साइटवर त्याने हेल्मेट घालून, क्रेनखाली उभं राहून काढलेला फोटो टाकला होता. तिथूनच लिनने त्याला शोधलं. मायचा आनंद काय सांगू! शेजारणींना बोलावून बोलावून सांगितलं, माझा पोरगा सापडला म्हणून. मलाही खरं सांगायचं तर भरून आलं. महिनाभर मेसेजवर नुसत्या आठवणी चालल्या. सायकल, ठेचा, पंखा. बाबा गेल्याचं मात्र लिहून कळवायचं लखनच्या जिवावर आलं.

मग हळूच दुसरं सुरू झालं. लिन आता मशिनं बसवत नाही, कसल्याशा सल्लागार कंपनीत आहे म्हणे. कंपनीला बंदरांवर अहवाल लिहायचाय. लखनने थोडं लिहून पाठवलं तर कंपनी मानधन देईल. आमच्या खानदेशी मंडळाच्या पुढाऱ्यांना आणि वॉर्डातल्या नगरसेवकाला चीनची सहल फुकटात घडवायलाही कंपनी तयार आहे, फक्त कोणाचं कोणाशी पटतं, कोण कोणाचं ऐकतं, तेवढं कळवावं. लखनला यात काही वावगं वाटलं नाही. लिनच तर होता! त्याने क्रेनचे दोन फोटो पाठवूनही दिले. त्यानंतरची मागणी आली ती अशी: करड्या रंगाच्या सरकारी बोटी कोणत्या धक्क्याला लागतात, कधी लागतात, आणि कॅमेरे कुठे कुठे आहेत.

तेव्हा कुठे लखन घाबरला. त्याने मला बारडोलीहून बोलावून घेतलं.

मी वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. "अक्कल गहाण ठेवलीस का?" मी म्हटलं. "सरळ हेरगिरी आहे ही."

"ताई, कोणीतरी लिनच्या नावाने करत असेल," लखन म्हणाला. त्याला तसंच असायला हवं होतं. खोटं कशाला बोलू, मलाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही व्हिडिओ कॉल लावला. माय मध्ये बसली, नवं लुगडं नेसून. पडद्यावर लिनच आला. केस विरळ झालेले, चेहरा फुगलेला, पण हसला आणि डोळे गायब झाले. मायने त्याला बाबा गेल्याचं सांगितलं. तो लहान मुलासारखा रडायला लागला. "बाबा नही? बाबा नही?" एवढंच म्हणत राहिला. इकडे आम्हीही रडलो. मग त्याची नजर बाजूला गेली, जणू तिथे कोणी बसलं होतं. त्याने तोंड पुसलं आणि वेगळ्याच आवाजात विचारलं, "लखन, आज फोटो?"

मायने फोन लखनच्या हातात दिला, त्याने कॉल बंद केला. तिने उठून मोरीवर जाऊन तोंड धुतलं. परत आली तेव्हा आम्ही दोघं भांडत होतो. लखन म्हणत होता, नंबर ब्लॉक करू, विषय संपला. मी म्हणत होते, पोलिसांत जाऊन सांगायला हवं, उद्या दुसऱ्या कुणी क्रेनवाल्याला धरतील.

"बंदरका पास गया का नोकरी गयी समज!" लखन ओरडला. "दोन फोटो मीच पाठवलेत, मलाच आत टाकतील!"

मायने दोघांना हाताने गप्प केलं. "रडना तेबी खरं शे," ती म्हणाली, "आनि फोटो मांगा तेबी खरं शे. त्याले कोनी तरी बसाडेल शे तठे. चाला, सांगी येऊत."

मला वाटलं होतं, माय लिनची बाजू घेईल. इतक्या वर्षांत तिला मी नीट ओळखलंच नव्हतं.

लखनने बंदरातल्या आपल्या साहेबाला सांगितलं, आणि त्यांनी आम्हाला अठवा लाइन्समधल्या पोलिसांच्या एका कचेरीत पाठवलं. रिक्षात मी मायला पढवत होते. लिन कोण विचारलं तर ओळखीचा म्हण. कारखान्यात कामाला होता म्हण. भाऊकी, रोट, गहू यातलं एक अक्षर काढू नकोस, नाहीतर लखनच्या गळ्याला फास लागेल. माय बाहेर बघत होती. उधन्याचे कारखाने मागे पडले, पूल आला.

अधिकारी तरुण होता, बोलायला मऊ. लखनने फोन टेबलावर ठेवला, सगळं दाखवलं, आपण पाठवलेले दोन फोटोही दाखवले. अधिकाऱ्याने शांतपणे वाचलं. मग मायकडे बघून विचारलं, "माँजी, ये आदमी आपका कौन लगता है?"

मी मायचा हात दाबला.

"घरका है," माय म्हणाली. "हमारी भाऊकी का है, साहेब."

अधिकाऱ्याने मान वर केली. लखनने डोळे मिटून घेतले. मी मनातल्या मनात मायला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

"घरका है, इसलिए आई," माय पुढे म्हणाली. "पराया मांगता तो ना बोलके घरपे बैठ जाती. पन घरका पोरगा बिघड्या तो मायनेच सांगना पडता ना?"

मग अधिकाऱ्याने तिच्यासाठी पाणी मागवलं. आपणहून आलात हे फार बरं केलंत, म्हणाला. अशी माणसं आधी ओळख काढतात, आठवणी काढतात, आणि लोक लाजेने किंवा भीतीने गप्प बसतात, त्यातच त्यांचं फावतं. लखनवर गुन्हा नाही, पण चौकशी संपेपर्यंत त्याचा बंदराचा पास जमा राहील. फोनही काही दिवस इथेच राहील.

"आणि एक," तो लखनला आणि मला म्हणाला. "ब्लॉक करू नका, काही पुसू नका. उत्तर द्यायचं नाही. रागाचंही नाही आणि प्रेमाचंही नाही. तुम्ही इथे आलात हे तिकडे कळता कामा नये. तुमच्यासाठीही आणि त्याच्यासाठीही ते बरं."

मायला मी ते समजावून सांगितलं. तिने मान डोलावली. त्याला दोन शब्द सुनवायचं ती घरून ठरवून आली होती हे मला तिच्या तोंडावरून कळलं. चांगला फैलावर घेणार होती ती त्याला. आता तेही नाही.

आम्ही उठलो आणि टेबलावरचा फोन थरथरला. लिनचा मेसेज होता. लखनने सवयीने वाकून वाचला आणि तसाच थांबला. मायने विचारलं, काय म्हणतो? त्याने फोन माझ्याकडे फिरवला. मीच वाचलं.

फोटोंचं काही नव्हतं. बोटींचंही नव्हतं. नुसतं लिहिलं होतं, "माय, खाना खाया?"

माय टेबलाशी परत गेली. "साहेब," ती म्हणाली, "इतना बोलूं क्या, के खा लिया?"

अधिकाऱ्याने फोनकडे बघितलं, मायकडे बघितलं. "नहीं, माँजी."

"हौ," माय म्हणाली आणि पदर सारखा करून दाराकडे वळली. सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. खोटं बोलून का होईना, जेवले म्हणून सांगून त्या पोराचा जीव निवांत करायची तिची फार इच्छा होती.